आई, तू उलटी फिरतेस

४ सप्टेंबर

ठमे,

तर दूध उतू जायच्या आत मी गॅस बंद केला, ओटा पुसला, तुझ्या बाबांचा कालचा शर्ट भिजत टाकला आणि जिना उतरून दुकानात आले, तेव्हा ते जळक्या मोटरमधून तार उपसत बसले होते. मी झाडू मारला. तारेचे तुकडे वेगळ्या डब्यात भरले, कारण तांबं कचऱ्यात गेलं की त्यांचा चेहरा पोटचं पोर हरवल्यासारखा व्हायचा. मग मी तार गुंडाळायच्या वाइंडिंग यंत्राशी बसले, हँडल फिरवायला लागले आणि फिरवता फिरवता विचारलं, "अहो, पंख्याला हा कपॅसिटर का लावायचा?"

"नाही लावला तर पंखा फिरत नाही."

"ते मलाही माहीत आहे. पण का फिरत नाही?"

"नुसता गुणगुणतो. हाताने ढकलला की फिरतो. ज्या बाजूला ढकलशील त्या बाजूला."

"अहो, पण का?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "जन्मभर लावत आलो, कधी विचारलं नाही. तू एवढी पुस्तकं वाचतेस. कुठे सापडलं तर मलाही सांग."

एवढीच ती सकाळ. नंतर गिऱ्हाईक आलं आणि आम्ही कामाला लागलो. अशा सकाळी मोजायच्या नसतात असं मला तेव्हा वाटायचं.

पत्र असं मधूनच सुरू केलं म्हणून नाक मुरडू नकोस. क्षेमकुशल विचारायचं तर तू उत्तर देत नाहीस आणि माझं सांगायचं तर तू ऐकत नाहीस. फोन वाजतो, तू उचलत नाहीस. पत्राला ती सोय नाही, ते दाराखालून आत येतं. आशीर्वाद आहेतच. ते काही तुझ्या अबोल्याने थांबत नाहीत.

गेल्या वर्षी बाबा गेल्यावर तू मला न्यायला आलीस. खोके बांधलेस, टेम्पो दाराशी आणलास आणि मी पायरीवर बसून म्हणाले, मी येत नाही. तू टेम्पोवाल्याला परत पाठवलंस आणि स्वतःही गेलीस. तुला वाटलं मला दुकान सोडवत नाही. खरं आहे ते. पण सगळं खरं नाही.

दुकान चालू आहे. लोक अजून येऊन विचारतात, "मालक आहेत का?" मी म्हणते, "मीच." मग ते माझ्या मागे बघतात. मीही एकदा बघते.

संध्याकाळी मी जरा कामात असते. बाकी ठीक.

तुझी आई

२९ सप्टेंबर

ठमे,

तुझं कार्ड आलं. वर्षभरानंतर तुझ्या अक्षरातला पहिला मजकूर, आणि तो असा: "टेलरकाकू म्हणतात, तू रोज संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून जातेस आणि हसत परत येतेस. कोण आहे?"

ठमे, मी पायरीवर बसून इतकी हसले की समोरचा चपला शिवणारा पाणी घेऊन आला.

मग शेजारी टेलरकाकूंकडे गेले. काकू सुईत दोरा ओवत होत्या.

"काकू, माझ्या लेकीला काय कळवलंत?"

"जे दिसलं ते. माझ्या मनचं एक अक्षर नाही घातलं."

"आणि काय दिसलं?"

"ते मला कसं कळणार, तू सांगत नाहीस तर. चांगला असेल तर वाईट काय आहे त्यात? फक्त दारू पिणारा नसावा."

तेव्हा आता सांगूनच टाकते, नाहीतर काकू लग्नाचे कपडे शिवायला घेतील. मी कॉलेजात जाते. नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी संध्याकाळचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, विद्युत शाखा. तू खोके बांधत होतीस त्याच आठवड्यात त्यांचं प्रवेशपरीक्षेचं पत्र आलं होतं. माझ्या पिशवीत होतं. तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस. मग मीही हसले असते, आणि हसता हसता टेम्पोत बसले असते. म्हणून नाही सांगितलं. ती परीक्षा दिली, पास झाले, पण जागा भरल्या होत्या म्हणून वर्षभर थांबावं लागलं. यंदा जुलैपासून वर्गात आहे.

पहिल्या दिवशी शिपाई म्हणाला, "बाई, पालकांची सभा शनिवारी आहे." मी म्हटलं, "मग शनिवारी माझ्या लेकीला पाठवते."

पहिल्या बाकावर बसते, डोळ्यांमुळे. शेजारी एक एकोणीस वर्षांची मुलगी असते. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहते आणि संध्याकाळी पळत येते, केस कायम विस्कटलेले. मी तिला झिपरी म्हणते, ती मला मावशी म्हणते. लॅबमध्ये आमची जोडी. शिकवणाऱ्या मॅडम तुझ्याहून लहान असतील. पहिल्या तासाला त्या मला "अहो काकू" म्हणाल्या आणि लाजल्या. आता "तुम्ही" म्हणतात आणि वही तपासताना कुणाचीच गय करत नाहीत.

विषयाचं नाव एसी सर्किट. घरात येते ती वीज एका बाजूने सरळ वाहत नाही, पुढे-मागे डोलत असते, हे मला आत्ता कळलं. जन्म त्या विजेच्या दुकानात गेला.

एक गंमत सांगते. लॅबमध्ये एक रोधक आणि एक कॉइल एकामागे एक जोडली आणि शंभर व्होल्ट दिले. मीटर रोधकावर लावला, साठ. कॉइलवर लावला, ऐंशी. मी झिपरीला म्हटलं, "मीटर बिघडलाय. शंभरातून साठ गेले तर चाळीस उरतात."

"दुसरा आणते, मावशी."

दुसरा आणला. साठ आणि ऐंशी. तिसरा आणला. तेवढ्यात मॅडम आल्या. "सगळ्या कॉलेजचे मीटर आणणार आहात का? ते दोघे एकाच वेळी माथ्यावर पोचत नाहीत. एक शिखरावर असतो तेव्हा दुसरा शून्यावर असतो. मग साधी बेरीज कशी करता? काटकोन त्रिकोण आठवतो का?"

साठाचा वर्ग, ऐंशीचा वर्ग, मिळवा, वर्गमूळ काढा. शंभर. ठमे, हे तू शाळेत पोरांना शिकवतेस तेच. एवढी वर्षं मला वाटायचं ते पाटीवरचे त्रिकोण पाटीवरच राहतात.

म्हणून हसत परत येते. काकूंना सांग, दारू पीत नाही.

तुझी आई

१७ जानेवारी

ठमे,

तुझं पत्र नाही. पण जावईबापूंचा फोन असतो. ते बाल्कनीत जाऊन बोलतात आणि तू आलीस की "राँग नंबर" म्हणून ठेवतात. गेल्या वेळी "राँग नंबर, काळजी घ्या" म्हणाले. ते म्हणाले की माझं कॉलेजचं पत्र वाचून तू दिवसभर बोलली नाहीस आणि संध्याकाळी त्यांना म्हणालीस, "म्हणजे ती थांबली ते बाबांसाठी नाही, माझ्यावाचून चालतं म्हणून."

हे खोटं आहे, एवढंच आत्ता लिहिते. तुला खरं पटवायला माझ्याकडे सोपे शब्द नाहीत आणि अवघड शब्द मला वापरता येत नाहीत.

"छान चाललंय" असं मी नाताळाच्या सुट्टीत दोन ओळींत लिहिलं होतं. तेही पूर्ण खरं नव्हतं. निकाल लागलाय. बाकीच्या विषयांत पास. एसी सर्किटमध्ये नापास, आणि तेही सपशेल. आकडा लिहीत नाही, तू गणिताची बाई, तुला तो बघवणार नाही.

मला नवल वाटलं, कारण पेपर झाल्यावर मी खूश होते. सगळं लिहिलं होतं. पेपर बघायला मिळाला, तर प्रत्येक उत्तराखाली लाल रेघ. लांबी बरोबर, कोन चूक. करंट मागे राहतो तिथे मी पुढे दाखवलाय, पुढे असतो तिथे मागे. मॅडम म्हणाल्या, "तुमची घाई होते. चिन्हं नीट बघा." मी घाई करत नाही, ठमे. तार गुंडाळणाऱ्या बाईला घाई परवडत नाही, एक वेढा चुकला की सगळी कॉइल उपसावी लागते.

नियम असा आहे की या विषयात दुसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी करतात. फेरपरीक्षा मे महिन्यात. तेव्हा पास झाले तर पुढे जायचं, नाहीतर घरी.

झिपरी पास झाली. तिने पेढे आणले नाहीत, मला वाईट वाटेल म्हणून. मी तिला रागावले आणि कोपऱ्यावरून दोन आइस्क्रीम आणली. खाताना म्हणाली, "मावशी, तुम्ही गेलात तर मी लॅबमध्ये कुणाबरोबर भांडू?"

तुझी आई

११ फेब्रुवारी

ठमे,

आलं पत्र. चांगलं चार ओळींचं. इथे उतरवून देते, म्हणजे आपण दोघी एकाच कागदावर राहू:

"आई, या वयात हा हट्ट कशाला ते मला कळत नाही. पण करतेयस तर एक ठरव. मेमध्ये नापास झालीस तर दुकानाला कुलूप लावून इकडे यायचं, कुरकुर न करता. तुझी खोली तशीच आहे. पास झालीस तर डिग्री मिळेपर्यंत मी त्या खोलीचा विषय काढणार नाही."

कबूल.

टेलरकाकूंना साक्षीदार ठेवलं आहे. त्यांना सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "पोरगी तुझ्यावरच गेली आहे. सरळ ये म्हणायचं सोडून शर्यत लावते." मी म्हटलं, शर्यत माझी असती तर व्याजही लावलं असतं.

अभ्यासाचं म्हणशील तर नाकी नऊ आले आहेत. सकाळी दुकान उघडण्याआधी बसते. लॅबमध्ये तर मागच्या आठवड्यात हात दाखवून अवलक्षण झालं. तुला माहीत आहे, दुकानात कपॅसिटरला हात लावण्याआधी आपण त्याच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर आडवा ठेवतो. चट्ट आवाज होतो, आत साठलेली वीज निघून जाते, मग हात लावायचा. बाबांनी लावलेली सवय. लॅबमध्ये मांडणी बदलायची होती, मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि ठेवला आडवा. दुकानात मोटर आधी सुटी केलेली असते. इथे वीज चालू होती.

मोठा बार झाला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. अंधारात मॅडमचा शांत आवाज आला, "स्क्रूड्रायव्हर कुणाकडे होता ते मी विचारत नाही, कारण वर्गात खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवणारी व्यक्ती एकच आहे."

झिपरी म्हणाली, "मॅडम, निदान मावशींचा कपॅसिटर रिकामा झाला."

तो स्क्रूड्रायव्हर आता लॅबच्या कपाटात आहे. टोक वितळलंय. वर्षअखेर परत मिळेल म्हणतात.

हे बघ, खाली एक गणित सोडवून पाठवते आहे, चित्रासकट. एक कॉइल, एक कपॅसिटर, समांतर. तुला शिकवायला सांगत नाही. तुझ्या आईचं अक्षर आकृतीत किती नेटकं येतं एवढंच बघ. व्होल्टेजचा बाण आडवा काढलाय, कॉइलच्या करंटचा वर, कपॅसिटरच्या करंटचा खाली. बाण पट्टीने काढलेत.

तुझी आई

२ एप्रिल

ठमे,

तुझं पाकीट उघडलं तेव्हा मी हातात ब्रश घेऊन कॉइलला वार्निश लावत होते. तीन पानं. तीन. पहिल्या पानावर माझंच चित्र परत काढलेलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरात: "आई, तू उलटी फिरतेस."

मी तो कागद वार्निशच्या बोटांनी धरला, त्यामुळे तुझं पत्र आता काही केल्या फाटणार नाही.

किती साधं आहे गं. हे बाण म्हणजे फिरणाऱ्या काट्यांसारखे आहेत, सगळे एकत्र फिरतात, आणि ते घड्याळाच्या उलट फिरतात असं सगळ्या जगाने ठरवलेलं आहे. पुस्तकात पहिल्या धड्यात एका ओळीत लिहिलंय. मी ती ओळ वाचली होती, तिच्याखाली रेघही मारली होती. पण तू विचारलंस, "तू ते फिरणं डोळ्यासमोर कसं आणतेस?" आणि मी डोळे मिटले तर काय दिसलं माहीत आहे? दुकानातलं वाइंडिंगचं यंत्र. ते हँडल. ते घड्याळाच्या काट्यासारखंच फिरतं, उजवीकडे खाली. मी हजारो कॉइल त्या हँडलवर गुंडाळल्या. "फिरणं" म्हटलं की माझा हात तसाच जातो. मग मागे राहिलेला बाण मी वर काढायचे आणि पुढे गेलेला खाली. गणित मात्र पुस्तकाच्या सूत्राने करायचे. सूत्र एकीकडे तोंड करून, चित्र दुसरीकडे, आणि उत्तरात दोघांची मारामारी. मॅडमना चूक दिसली, पण हँडल कुठून दिसणार? ते आपल्या घरातल्याच माणसाला दिसणार.

त्या हँडलची मूठ बाबांच्या तळहाताने झिजली आहे. माझा हात तिच्यात नीट बसत नाही, तरी मी बदलली नाही. बदलणारही नाही. फक्त वहीच्या पानावर आता उलट फिरायचं. पहिले चार दिवस घेरी आल्यासारखं झालं. झिपरीने युक्ती काढली, "मावशी, चित्र काढताना यंत्राच्या पलीकडच्या बाजूने बघताय असं समजा." आणि खरंच, यंत्राच्या समोर जाऊन बसलं की तेच हँडल डावीकडे फिरतं. आता मी मनातल्या मनात गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन बसते.

तुझ्या दुसऱ्या पानावरचं काटकोनाचं स्पष्टीकरण, त्या काल्पनिक संख्येने गुणलं की बाण पाव फेरा फिरतो, हे मला पुस्तकाने इतक्या महिन्यांत समजावलं नव्हतं. तू पाव फेऱ्यात समजावलंस. शाळेतली पोरं नशीबवान आहेत.

आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं. "हे सांगून मी माझंच नुकसान करते आहे, हे मला कळतंय." ते वाचल्यावर मी ब्रश खाली ठेवला.

ठमे, ऐक. तू जे जावईबापूंना म्हणालीस ना, माझ्यावाचून चालतं म्हणून. नाही चालत. सकाळी चालतं, दुपारी चालतं, गिऱ्हाईक असलं की चालतं. बाकी नाही. पण तिकडे त्या खोलीत मी काय करणार होते? तू शाळेत, जावईबापू कामावर. मी खिडकीशी बसून तुमची वाट बघायला शिकले असते आणि दोन वर्षांत मला तेवढंच येत राहिलं असतं. बाबा गेले तेव्हा मला कळलं की मला त्यांच्याबरोबर राहता येतं, आणि दुसरं काहीच येत नाही. मला काहीतरी येईल अशी बाई होऊन तुझ्याकडे यायचं होतं. हे पायरीवर बसून सांगता आलं नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

दुसरी गोष्ट. कपॅसिटरचं कळलं. चित्र सरळ झाल्यावर त्याच संध्याकाळी कळलं. पंख्यात दोन कॉइल असतात. दोघींतला करंट एकाच वेळी चढला-उतरला तर पंखा जागच्या जागी थरथरतो, कुठल्या बाजूला फिरायचं हे त्याला कळत नाही. कपॅसिटर एकीच्या करंटला थोडा पुढे काढतो. मग एक आधी ओढते, दुसरी मागून, आणि पंख्याला दिशा मिळते. इतकंच. मी वही मिटली आणि तुझ्या बाबांना सांगायला जिना उतरून खाली गेले. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं. तरी गेलेच खाली. दुकानातला दिवा लावला, जरा वेळ बसले आणि वर आले.

म्हणून तुला सांगितलं.

तुझी आई

१९ मे

ठमे,

पेपर झाला. कसा गेला ते सांगत नाही. मागच्या वेळी छान गेला होता, तेव्हा माझ्या मतावर आता माझाच विश्वास नाही.

पहिल्या प्रश्नाला हात थांबला. कॉइल, कपॅसिटर, समांतर, तुझ्या चित्रासारखंच. मी डोळे मिटले आणि हवेत बोट फिरवून बघितलं, डावीकडे, डावीकडे. पहारा करणारे सर जवळ आले.

"बाई, खुणा कोणाला करताय?"

"कोणाला नाही हो. फिरवून बघते आहे."

"काय?"

"करंट."

 पुढचे तीन तास ते माझ्या बाकापाशीच उभे राहिले. झिपरी बाहेर दुसऱ्या विषयाच्या रांगेत उभी होती. तिने खिडकीतून बघितलं आणि मला वाटतं तीही बोट फिरवत होती, पण तिला उजवं-डावं कधीच नीट येत नाही.

शेवटचा प्रश्न पूर्ण झाला नाही. आकृती काढली, समीकरण मांडलं, घंटा झाली.

जावईबापू विचारत होते की खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे. मी म्हटलं, निकालाआधी पडदे घेणं अपशकुनी आहे. ते म्हणाले, "मग तुम्ही शकुन-अपशकुन मानता?" मी म्हटलं, फक्त दुसऱ्याच्या घरातले. तू मागून विचारलंस, "कोण आहे?" आणि ते म्हणाले, "राँग नंबर." मग मला तुझा आवाज ऐकू आला: "तिला म्हणावं, निळे."

मी फोन ठेवल्यावरही थोडा वेळ कानाशी धरून उभी होते.

खोके मी माळ्यावरून खाली काढून ठेवले आहेत. शर्यत म्हणजे शर्यत. हरले तर कुरकुर न करता येणार, असं लिहून दिलंय. काकू रोज येऊन खोक्यांकडे बघतात आणि म्हणतात, "एवढ्यात भरू नकोस." काल त्यांनी त्यातल्या एकावर बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "तू गेलीस तर मी कोणाच्या लेकीला कार्ड लिहू?"

तुझी आई

२३ जून

ठमे,

निकाल परवा लागला.

फलकापाशी गर्दी होती आणि मी चष्मा दुकानात विसरले होते. झिपरी माणसांच्या बगलेखालून आत घुसली. बराच वेळ बाहेर येईना. मला वाटलं, झालं, आता ती शब्द जुळवत असेल. मी मनात खोके भरायला घेतले, आधी भांडी, मग पुस्तकं, आणि यंत्राचं काय करायचं तेवढं सुचेना. मग ती बाहेर आली, केस आणखी विस्कटलेले, आणि म्हणाली, "मावशी, तुमचा नंबर सांगा बघू परत. मी दुसऱ्याचाच शोधत होते."

पुन्हा आत गेली. या वेळी आतूनच ओरडली. काय ओरडली ते कुणालाच कळलं नाही, पण शिपायाने माझ्याशी हात मिळवला.

पास आहे, ठमे. अगदी काठावर नाही, काठापासून दोन पावलं आत. मॅडमनी पेपर दाखवला. सगळे बाण बरोबर दिशेला. अर्ध्या राहिलेल्या शेवटच्या प्रश्नाला आकृतीचे गुण दिलेत. मॅडम म्हणाल्या, "एकदम असा फरक कसा पडला? क्लास लावलात का?"

मी म्हटलं, "हो. टपालाने."

आणि त्यांना सांगितलं की शिकवणारीने स्वतःची शर्यत हरायची तयारी ठेवून शिकवलं.  मग त्यांनी कपाट उघडून मला माझा वितळलेला स्क्रूड्रायव्हर परत दिला आणि म्हणाल्या की पुढच्या वर्षी मोटरचा विषय आहे, तेव्हा हा घरीच ठेवा.

संध्याकाळी दुकानात सगळे जमले. काकू, झिपरी, चपला शिवणारा. काकूंनी साक्षीदार म्हणून निकाल जाहीर केला: आई जिंकली, खोलीचा विषय बंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग सगळे गेले, मी कप धुतले, आणि मला सारखं वाटत राहिलं की ही टाळी कुठेतरी कमी पडते आहे. तुझी खोली, निळे पडदे, आणि तू त्या दारात उभी. तू मला जिंकवलंस आणि स्वतः हरून बसलीस. अशी शर्यत मी कधी ऐकली नव्हती.

तू खोलीचा विषय काढायचा नाही असं ठरलंय. पण मी काढायचा नाही असं कुठे ठरलंय? मी कागद पुन्हा वाचला. माझ्याबद्दल त्यात एक शब्द नाही. काकूंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "कायद्यात बसतं."

कॉलेज यंदा ऑगस्टमध्ये सुरू होतंय. तोवर मी मोकळी आहे; गिऱ्हाइकांच्या मोटरी उरकल्या आहेत आणि एक पंखा राहिलाय तो झिपरी देऊन टाकेल. पडदे लावून ठेव. मला पहाटे उजेडाचा त्रास होतो. वाचायला दिवा लागेल, तो मीच घेऊन येते, तुमच्याकडचे अंधूक असतात. मला घ्यायला टेम्पो आणू नकोस, एकच पिशवी आहे. आणि जावईबापूंना सांग, आता बाल्कनीत जायची गरज नाही.

बाकी बोलायचं ते समोर बसून बोलू. तुझ्या बाबांबद्दलही. आपण दोघी ते कधी बोललोच नाही, तू तिकडे रडलीस आणि मी इकडे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, मी सकाळी दुकान झाडलं, दारावर बंदची पाटी लावली, स्टेशनवर गेले आणि तिकीट काढलं, जाण्याचं आणि परतीचं.

तुझी आई